नवी उपकरणे हातोहात खपतात. मोबाईल नेटवर्क त्यांना पुरे पडते का?

अनुस्वार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एखादे नवे उपकरण बाजारात येऊन हातोहात खपू लागले की त्याच्या कॅमेऱ्यावर आणि बॅटरीवर पहिल्याच दिवसापासून चर्चा झडतात. त्या उपकरणाला लागणारा डेटा ज्या वाटेने यायचा आहे ती वाट पुरेशी रुंद आहे का, हा प्रश्न मात्र नेट अडकल्यावरच कोणाला तरी आठवतो. मला तो गेल्या महिन्यात आठवला, म्हणून हा धागा.

एका मोठ्या मैदानावर सामना पाहायला गेलो होतो. हातात जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी घेतलेला फोन, रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या आणि वर कोपऱ्यात ५जी असे ठळक चिन्ह. मध्यंतरात मुलीला एक फोटो पाठवला, तर त्यावरचे गोल चक्र वीस मिनिटे फिरतच राहिले आणि शेवटी फोटो गेलाच नाही. शेजारी बसलेल्या गृहस्थांकडे पाच-सहा वर्षे जुना ४जी फोन होता. त्यांचे संदेश मात्र रखडत का होईना, जात होते. "नव्या फोनची एवढी मिजास, आणि चालतोय आमचा जुनाच," असे ते हसून म्हणाले आणि मला त्यावर उत्तर सुचले नाही.

नेटवर्कची क्षमता म्हणजे सभागृहातील खुर्च्यांसारखी ठरलेली संख्या असते आणि उपकरणे तिच्यापेक्षा जास्त झाली की नेटवर्क कोलमडते, अशी माझी आजवरची समजूत होती. आता फोनच्या जोडीला स्वतंत्र जोडणी असलेली घड्याळे, मोटारी, विजेचे मीटर आणि कॅमेरा बसवलेले चष्मेही आले आहेत. माझी समजूत बरोबर असेल तर नेटवर्क केव्हाच बसायला हवे होते. ती चूक असेल तर त्या मैदानावर नेमके काय झाले? या क्षेत्रात काम केलेल्या सदस्यांनी खुलासा केल्यास आभारी राहीन.


मनोऱ्याखालचा

रेडिओ नेटवर्कच्या आखणीत माझी सतरा वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

नेटवर्क पुरे पडते का, या प्रश्नाला संपूर्ण नेटवर्कसाठी एकच उत्तर देता येत नाही, कारण संपूर्ण नेटवर्क कोणाही ग्राहकाच्या वाट्याला कधी येतच नाही. त्याच्या वाट्याला येतो तो त्या क्षणी त्याला सेवा देणारा एक सेक्टर. एका मनोऱ्यावर साधारणपणे तीन दिशांना तोंड करून अँटेना बसवलेले असतात आणि प्रत्येक दिशेचा एक सेक्टर धरला जातो. त्या सेक्टरच्या छायेत आलेले सगळे फोन हवेतील तीच जागा वाटून घेतात. शेजारचा सेक्टर रिकामा असला तरी त्याची शिल्लक तुमच्या उपयोगी पडेलच असे नाही, आणि रात्री दोन वाजता शिल्लक राहिलेली क्षमता संध्याकाळसाठी साठवून तर मुळीच ठेवता येत नाही.

खुर्च्यांची उपमा इथेच फसते. ४जीच्या २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीचे, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या रेडिओलहरींच्या पट्टीचे, १०० तुकडे पाडलेले असतात आणि कोणता तुकडा कोणत्या फोनला द्यायचा, हे मनोऱ्यावरचा शेड्युलर दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो. दोन अँटेनांच्या रचनेत या वाहिनीचा कमाल वेग सेकंदाला १५० मेगाबिट सांगितला जातो. तो अँटेनासमोर एकट्याने उभे राहून मोजलेला वेग असतो. ग्राहक जवळ, दूर, भिंतीआड असे विखुरलेले असले की दर हर्ट्झमागे सेकंदाला सरासरी दीड ते दोन बिट हाती लागतात, म्हणजे साऱ्या सेक्टरला मिळून ३० ते ४० मेगाबिट. बऱ्यापैकी स्वच्छ व्हिडिओला अडीच मेगाबिट लागतात असे धरा. तेव्हा अवघे बारा ते सोळा प्रेक्षक ही वाहिनी भरून टाकतात! सुदैवाने एका सेक्टरवर वेगवेगळ्या बँडच्या तीन-चार वाहिन्या एकावर एक रचलेल्या असतात, व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर वाट अरुंद झाली की चित्राचा दर्जा आपोआप उतरवतात, आणि ५जीमध्ये १०० मेगाहर्ट्झची वाहिनी व ६४ अँटेनांचे पटल मिळून हे गणित कित्येक पटींनी सुधारते. तरी वाटून घेण्याचे तत्त्व तेच राहते.

आता कांड्यांविषयी. त्या कांड्या मनोऱ्याकडून येणारा सिग्नल किती जोरकस आहे एवढेच सांगतात. मनोऱ्यावर जागा किती उरली आहे, याची त्यांना खबर नसते. स्टेशनावरून गाडी समोर उभी दिसावी आणि दारात पाय ठेवायला जागा नसावी, त्यातली ही गत. मैदानावर तर खास गर्दीसाठी जवळ अँटेना बसवलेले असतात, त्यामुळे कांड्या हमखास भरलेल्या दिसतात.

सेक्टर भरत जातो तसा त्रास सरळ रेषेत वाढत नाही, ही गोष्ट ग्राहकाला सर्वांत अनाकलनीय वाटते. डेन्मार्कच्या आग्नर क्रारूप एरलांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना १९०९ सालापासून रांगांचे जे गणित मांडले, त्याच्या सर्वांत साध्या रूपात, एखादी सेवा अर्धी व्यापलेली असताना काम उरकायला मोकळ्या वेळेच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्के व्यापली की पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. म्हणजे ५० वरून ६० टक्क्यांवर गेलेले कोणाच्या लक्षातही येत नाही, पण ८५ वरून ९५ वर गेले की "कालपर्यंत चांगले चालत होते, आज काय झाले" अशा तक्रारींचा पाऊस पडतो. म्हणूनच आम्ही आलेखावर ७० टक्क्यांची तांबडी रेघ मारून ठेवत असू, आणि एखादा सेक्टर रोजच्या गर्दीच्या तासाला ती रेघ ओलांडू लागला की नव्या वाहिनीचा प्रस्ताव वर जात असे. तो मंजूर केव्हा होई, हा विषय निराळा.

लोकप्रिय उपकरण काय करू शकते, याचे जुने पण बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. आयफोन २००७ च्या जूनअखेर तेथे आला तेव्हा तो फक्त एटी अँड टी या एकाच कंपनीच्या नेटवर्कवर मिळत होता, आणि ही मक्तेदारी २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत टिकली. पहिल्या मॉडेलला ३जी नव्हते; ते २००८ च्या जुलैत आले. पुढे २००९ च्या मार्चमध्ये ऑस्टिन शहरात साऊथ बाय साऊथवेस्ट हा मेळावा भरला, तेव्हा एका छोट्या परिसरात हजारो आयफोनधारक एकवटले आणि शहराच्या मध्यभागी नेटवर्क अक्षरशः गुदमरले. कंपनीने मेळावा चालू असतानाच तेथील क्षमता वाढवायला घेतली. आयफोन त्या दिवशी देशभर होते. गुदमरले ते ऑस्टिनचे काही चौक. अनुस्वारजी, आपल्या मैदानाची गोष्ट याच जातीची आहे.

याला एक उलटी बाजूही आहे. नवे उपकरण आले म्हणजे ओझेच वाढले असे समजणे बरोबर नाही. नव्या फोनला चार अँटेना असतात, त्याला अधिक बँड कळतात, दोन-तीन वाहिन्या एकत्र जोडता येतात, त्यामुळे तेवढाच डेटा तो हवेतली कमी जागा अडवून नेतो. तोच व्हिडिओ जुना, कमकुवत फोन पाहू लागला की त्याला जास्त तुकडे द्यावे लागतात आणि त्याची झळ इतरांना बसते. ओझे वाढते ते माणसाची सवय बदलल्यामुळे. २०१२ च्या मार्चमध्ये एलटीई, म्हणजे ४जी असलेला आयपॅड आला. त्याचा पडदा २०४८ गुणिले १५३६ ठिपक्यांचा होता. अशा पडद्यावर जुना धूसर व्हिडिओ कोणालाच रुचेना, आणि महिनाभराचा डेटा काही दिवसांतच संपल्याच्या तक्रारी आल्या. भूक पडद्याला लागली होती आणि बिल रेडिओच्या नावावर फाटले, असे आमच्यात तेव्हा म्हणत.


तिसरा प्रहर

मनोऱ्याखालचा यांचे विवेचन उत्तम आहे; मात्र त्यांनी सगळा भर हवेतील डेटावर दिला आहे. माझे काम मनोऱ्याच्या पलीकडे, सगळे मनोरे जिथे जोडलेले असतात त्या मध्यवर्ती यंत्रणेत, म्हणजे कोअर नेटवर्कमध्ये चालते, आणि तिथून पाहिले तर लोकप्रिय उपकरणांनी घातलेले सर्वांत वाईट घोळ डेटाच्या आकारमानामुळे झालेलेच नाहीत.

फोन खिशात शांत असतो तेव्हा नेटवर्कशी त्याची जोडणी मोडलेली असते. एखादा संदेश आला किंवा एखाद्या ॲपला "मी अजून जिवंत आहे" एवढेच आपल्या सर्व्हरला कळवायचे असले, तरी जोडणी नव्याने बांधावी लागते. परवानगी मागणे, ओळख पटवणे, वाट आखणे, आणि काम झाल्यावर ते सगळे पुन्हा आवरणे, या सोपस्कारांना आम्ही सिग्नलिंग म्हणतो. शंभर बाइटच्या निरोपासाठी डझनावारी नियंत्रण-संदेशांची देवघेव होते. पत्रापेक्षा टपालखर्च जड, असा हा व्यवहार आहे. तासभर सलग चित्रपट पाहणारा ग्राहक हवेतील जागा भरपूर खातो, पण कोअरला तो जवळपास जाणवतच नाही. उलट ज्या फोनमध्ये पंधरा ॲप दर काही मिनिटांनी डोके वर काढतात, तो ग्राहक आम्हाला नकोसा होतो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. जपानमध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीचे नेटवर्क २५ जानेवारी २०१२ रोजी टोकियो परिसरात बसले आणि सुमारे २५ लाख ग्राहकांना त्याची झळ पोहोचली. स्मार्टफोनची संख्या झपाट्याने वाढली होती आणि त्यांतील ॲप, विशेषतः इंटरनेटवरून बोलण्याची ॲप, वापरात नसतानाही वारंवार नियंत्रण-संदेश पाठवत होती. नव्याने बसवलेल्या यंत्रांना तो मारा सोसला नाही. डेटाचे नळ मोकळे होते आणि नोंदणीच्या खिडकीवर चेंगराचेंगरी झाली होती.

माझ्या स्वतःच्या अनुभवातील एक प्रसंग सांगतो. एका ग्राहक-कंपनीने वाहनांचा माग ठेवणारी छोटी यंत्रे मोठ्या संख्येने बसवली. प्रत्येक यंत्र तासातून एकदा आपले ठिकाण कळवणार, तेही दोनशे-तीनशे बाइटमध्ये, त्यामुळे या भाराचा हिशेब करण्याचीही कोणाला गरज वाटली नव्हती. काही आठवड्यांनी जोडणीच्या अपयशाचा आलेख पाहिला, तर तो कंगव्यासारखा दिसत होता: तासभर सपाट आणि बरोबर ठोक्याला एक उंच दात. सगळ्या यंत्रांची घड्याळे उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली होती आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने "दर तासाला" याचा अर्थ "तासाच्या शून्याव्या सेकंदाला" असा घेतला होता. ४जीच्या एका सेलमध्ये (वर सांगितलेल्या सेक्टरसारख्या एका सेवाक्षेत्रात) दार ठोठावण्यासाठी ६४ सांकेतिक खुणा असतात आणि फोन त्यांतील एक यदृच्छया उचलतो. दोघांनी एकाच क्षणी तीच खूण उचलली की टक्कर होते, दोघे मागे सरतात आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतात. येथे शेकडो यंत्रे एकाच सेकंदाला दारावर येत, आपटत, मागे सरत आणि जवळजवळ एकाच वेळी पुन्हा येत. त्यांच्या गर्दीत साध्या फोनधारकाचा कॉलही लागत नसे. उपाय एका ओळीचा निघाला: प्रत्येक यंत्राने शून्य ते साठ मिनिटांतील स्वतःची अशी एक यादृच्छिक वेळ धरावी. ती ओळ यंत्रांत उतरवायला मात्र चार महिने लागले, कारण दूरस्थ बदल करण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

नव्या उपकरणाच्या पहिल्या दिवशी जे कोसळते तेही बऱ्याचदा रेडिओ नसते. आयफोन ३जी विक्रीला आला त्या ११ जुलै २००८ रोजी जुन्या आयफोनधारकांसाठीही नवी प्रणाली खुली करण्यात आली होती, आणि दोन्ही लोंढे एकाच वेळी ॲपलच्या सक्रियन-सर्व्हरवर, म्हणजे नवा फोन चालू करून देणाऱ्या सर्व्हरवर आदळले. लोकांच्या हाती नवे कोरे फोन होते आणि ते चालू होत नव्हते. मनोरे त्या वेळी निवांत होते. २०१६ च्या जुलैत पोकेमॉन गो या खेळाने रस्त्यारस्त्यांवर गर्दी जमवली तेव्हाही नेटवर्क बसणार अशी भाकिते झाली. प्रत्यक्षात त्या खेळाचा डेटा किरकोळ निघाला आणि वारंवार मान टाकली ती त्याच्या सर्व्हरनीच.


शंकासूर

दोघांचेही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु वाचताना असा भास होतो की दोष कधी पडद्याचा, कधी आज्ञावली लिहिणाऱ्याचा, तर कधी ग्राहकाच्या सवयीचा; नेटवर्क चालवणारी कंपनी तेवढी बिचारी. अमर्याद डेटाची जाहिरात करून ग्राहक गोळा करायचे आणि त्यांनी तो वापरला की त्यांनाच अधाशी ठरवायचे, हा शिरस्ता जुना आहे. एटी अँड टीच्या ज्या उदाहरणाचा वर उल्लेख झाला, त्याच कंपनीच्या अधिकाऱ्याने २००९ च्या डिसेंबरात ३ टक्के स्मार्टफोनधारक ४० टक्के डेटा वापरतात असे जाहीरपणे सांगितले, आणि २०१० च्या जूनपासून नव्या ग्राहकांसाठी अमर्याद योजना बंद करून २०० मेगाबाइट व २ गिगाबाइटच्या मर्यादा घातल्या. वेळेवर मनोरे उभारले असते तर ही वेळ आली असती का? क्षमता हा तांत्रिक प्रश्न आहे की तिजोरीचा?


मनोऱ्याखालचा

शंकासूर, आपला रोख मला मान्य आहे. सत्तर टक्क्यांची रेघ ओलांडूनही वर्ष-वर्ष धूळ खात पडलेले प्रस्ताव मी स्वतः पाहिले आहेत. महिनाभराच्या मर्यादेने गर्दीच्या तासाचा प्रश्न सुटत नाही, हेही खरे. पहाटे चार वाजता वीस गिगाबाइट उतरवणारा ग्राहक कोणालाच त्रास देत नाही आणि संध्याकाळी सातला भरलेल्या सेक्टरवर अर्धा गिगाबाइट घेणारा देतो. मर्यादा मात्र पहिल्याला लागते.

तरीही तिजोरी उघडली की क्षमता हजर झाली, असे होत नाही. फोन कारखान्यातून ग्राहकाच्या खिशात यायला काही आठवडे पुरतात. मनोऱ्यासाठी जागा, इमारतीच्या मालकाची संमती, परवानगी, वीज, तेथपर्यंत फायबर आणि मग शेजारच्या सेक्टरांशी जुळवणी, यांत वर्ष सहज जाते. फायबर नसलेल्या ठिकाणी ५जीचा अँटेना बसवणे म्हणजे मोठा हौद बांधून त्याला बोटभर नळी जोडणे. असे हौद मी पाहिले आहेत. नव्या स्पेक्ट्रमचे, म्हणजे रेडिओलहरींच्या नव्या पट्ट्यांचे, तर लिलाव व्हावे लागतात आणि त्यावर आधीपासून बसलेल्या वापरकर्त्यांना हलवावे लागते.

क्षमता वाढवण्याचा सर्वांत फलदायी मार्ग कोणता, याचे उत्तर मात्र या क्षेत्राला फार लवकर सापडले होते. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतील डग्लस रिंग यांनी १९४७ च्या डिसेंबरातच परिसराचे छोटे सेल पाडून त्याच लहरी पुन्हापुन्हा वापरण्याची कल्पना टिपणात मांडली. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये हातातील फोनवरून पहिला जाहीर कॉल करणारे मार्टिन कूपर पुढे असे दाखवत की बिनतारी संपर्काची क्षमता दर अडीच वर्षांनी दुप्पट होत आली आहे आणि तिच्यातील सर्वांत मोठा वाटा या पुनर्वापराचा आहे. सेल लहान करत नेले की प्रत्येकाच्या वाट्याचे भागीदार कमी होतात. पण सेल लहान म्हणजे मनोरे जास्त, आणि मनोरा आपल्या गच्चीवर कोणालाच नको असतो; रेंज मात्र घराच्या शेवटच्या खोलीत हवी असते. या शेवटच्या वाक्यात थोडी कुरकुर आहे, ती सतरा वर्षांची आहे.


अनुस्वार (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. संपूर्ण नेटवर्क असे काही वाट्याला येत नाही, हे पटले. आणि कंगव्याचा आलेख तर आता डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन शंका उरल्या आहेत. माझा फोटो अडकला आणि शेजारच्या जुन्या फोनचे संदेश गेले, याचा खुलासा अजून झालेला नाही. दुसरी शंका अशी की, आता लोक ज्यांच्याशी बोलतात ते कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस आणि कॅमेऱ्याचे चष्मे, यांचा भार आजवरच्या भारासारखाच असेल की वेगळा?


उलट टपाल

दोन्ही शंकांचे उत्तर एकाच दिशेला आहे आणि ती दिशा आतापर्यंतच्या चर्चेत राहून गेली: फोनकडून मनोऱ्याकडे जाणारी, म्हणजे चढती.

मोबाईल नेटवर्क पाहणाऱ्याच्या सोयीने रचलेले आहे, दाखवणाऱ्याच्या नव्हे. एकूण मोबाईल डेटापैकी सुमारे तीन चतुर्थांश व्हिडिओ असतो आणि त्याचा फार मोठा भाग उतरत्या दिशेने, मनोऱ्याकडून फोनकडे येतो. त्यामुळे ५जीच्या मध्यम बँडवर दोन्ही दिशांनी एकच वाहिनी आलटून पालटून वापरताना, प्रचलित रचनेत पाच काळतुकड्यांपैकी तीन उतरत्या दिशेला, एक संमिश्र आणि फक्त एक चढत्या दिशेला दिलेला असतो. शिवाय मनोऱ्यावरचे यंत्र कित्येक दहा वॉटच्या, प्रसंगी शंभराहून अधिक वॉटच्या ताकदीने बोलते, तर फोन सुमारे २०० मिलीवॉटने. भोंगा लावून बोलणाऱ्याचे तुम्हाला लख्ख ऐकू येते, म्हणून तुमची कुजबुज त्याला ऐकू जाईल असे नाही. भरलेल्या कांड्यांचे आणखी एक गौडबंगाल हेच: त्या भोंग्याचा आवाज मोजतात.

मैदानावर नेमके याच दुबळ्या बाजूवर ओझे येते. घरी बसलेला माणूस व्हिडिओ पाहतो. मैदानावरचा माणूस फोटो आणि चित्रफिती पाठवतो, आणि तेही सगळे एकाच षटकानंतर किंवा मध्यंतरात. आपल्या नव्या फोनचा एक फोटो तीन-चार मेगाबाइटचा असणार. शेजाऱ्यांचे संदेश, आपण लिहिले आहे त्यावरून, नुसते मजकुराचे होते. शंभर बाइट फटीतून सरकतात, चार मेगाबाइट दारात अडकतात. त्यात आणखी एक शक्यता आहे. नवे फोन नेटवर्क आपोआप ५जीच्या थराकडे वळवते. मैदानात बहुसंख्य फोन नवे असतील तर तो थर आधी भरतो आणि कमी फ्रिक्वेन्सीचा ४जीचा एखादा थर तुलनेने मोकळा राहतो. अर्थात शेजाऱ्यांची कंपनीच वेगळी असेल, तर हे सगळे पांडित्य व्यर्थ आहे. तेवढे त्यांना विचारायला हवे होते.

आता मदतनीस आणि चष्मे. या दोघांना एकाच पंक्तीला बसवू नये. मदतनिसाला लिहिलेला प्रश्न आणि त्याचे उत्तर मिळून काही किलोबाइट होतात. बोलून विचारलेला दहा सेकंदांचा प्रश्न, २४ किलोबिटच्या दराने, ३० किलोबाइटचा होतो. एवढ्याने कोणताही सेक्टर हलत नाही. विचार करण्याचे सगळे ओझे दूरच्या संगणककेंद्रावर पडते आणि उशीर झालाच तर बहुधा तिथे होतो. चष्म्याचे तसे नाही. डोळ्यांसमोरचे दृश्य जर तो सतत पाठवत राहिला आणि समोर काय आहे ते विचारत राहिला, तर प्रत्येक चष्म्यामागे चढत्या दिशेने सेकंदाला तीन मेगाबिट तरी धरावे लागतील. मनोऱ्याखालचा यांच्या २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीत चढत्या दिशेची सरासरी क्षमता उतरतीच्या निम्म्याच्या आसपास असते, म्हणजे पाच-सहा चष्मे एक वाहिनी भरून टाकायला पुरेसे आहेत. आज असे होत नाही, कारण चष्म्याची इवलीशी बॅटरी सतत प्रक्षेपण सोसत नाही, बहुतेक चष्मे फोनच्या आधाराने चालतात आणि मोठी चित्रफीत वाय-फाय मिळेपर्यंत थांबवली जाते. माझ्या मते सध्या नेटवर्कचा खरा रक्षक ती बॅटरीच आहे. ती सुधारली की मनोऱ्यांवर काळतुकड्यांची वाटणी बदलावी लागेल, आणि ती एका सेक्टरपुरती बदलता येत नाही. शेजारचे सेक्टर त्याच तालावर चालले नाहीत तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या ऐकण्यात मिसळते.

एकूण डेटाची वाढ मात्र पूर्वीइतकी धास्तावणारी उरलेली नाही. एरिक्सन कंपनीच्या नियमित अहवालांनुसार २०१८ च्या अखेरीस जगभरचा मोबाईल डेटा वर्षाला ८८ टक्क्यांनी वाढत होता; २०२५ च्या सुरुवातीला तो दर १९ टक्क्यांवर आला. त्यातही सुमारे चतुर्थांश डेटा फोनचा नाहीच; तो मोबाईल नेटवर्कवरून घरात इंटरनेट पुरवणाऱ्या राउटरचा आहे. ते यंत्र कोणी खिशात घालून मिरवत नाही, त्याच्या विक्रीच्या बातम्या होत नाहीत, आणि संध्याकाळी सातला आख्ख्या घराची करमणूक ते एकटे ओढत असते.


शंकासूर

राउटरचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. म्हणजे ज्या सेक्टरवर मी फोनसाठी पैसे भरतो, त्याच सेक्टरवर कंपनी शेजाऱ्याच्या घरासाठीही पैसे घेते. तिजोरीचा प्रश्न मी मागे घेत नाही.


अनुस्वार (धागाकर्ता)

काल त्याच मैदानावर पुन्हा गेलो होतो, म्हणून हा छोटा वृत्तांत. मध्यंतरात ५जीवर फोटो पुन्हा अडकला. सेटिंगमध्ये जाऊन फोन फक्त ४जीवर ठेवला, तर तोच फोटो साधारण चार मिनिटांत गेला. खेळ सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी ५जी पुन्हा लावून दुसरा फोटो पाठवला. तो पापणी लवायच्या आत पोहोचला. या वेळी शेजारी वेगळे गृहस्थ होते. त्यांची कंपनी कोणती, हे मात्र आधीच विचारून घेतले: माझीच.


मनोऱ्याखालचा

एका फोटोवरून निष्कर्ष काढू नये, पण आपली नोंद उलट टपाल यांच्या म्हणण्याशी जुळते. पुढच्या खेपेस जमल्यास मध्यंतराच्या आधी दहा मिनिटे, मध्यंतरात आणि नंतर दहा मिनिटे, असे तीनही वेळा दोन्ही थरांवर एकाच आकाराचा फोटो पाठवून वेळ टिपावी, आणि जागा बदलू नये. गाडीत लॅपटॉप आणि चार फोन घेऊन आम्ही हेच करत हिंडत असू, फक्त सामना पाहायला मिळत नसे.